मॅनेज्ड स्विच: पत्ता, मास्क आणि वेस

दुकान, ऑफिस आणि मागचे गोदाम मिळून आठ-दहा कॉम्प्युटर झाले की आपले व्यापारी बांधव मॅनेज्ड स्विच घेतात. कारागीर वायरी खोचतो, दिवे लुकलुकतात, कॉम्प्युटर एकमेकांना दिसतात आणि तो पैसे घेऊन जातो. आमच्याकडेही असेच झाले.

एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माल पोचवायला स्विचला स्वतःचा पत्ता लागत नाही; हमाल कुठे राहतो हे माहीत नसले तरी गाठी पोचतातच. पत्ता लागतो तो आपल्याला दूर बसून त्याला हुकूम देता यावा म्हणून.

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचचे उदाहरण घेऊ. कन्सोलची वायर लॅपटॉपला जोडून वेग ९६०० ठेवावा. मग 'व्हीलॅन १'ला पत्ता द्यावा, समजा १९२.१६८.१.२, आणि मास्क २५५.२५५.२५५.०. या मास्कचा अर्थ इतकाच की पत्त्याचे पहिले तीन आकडे मोहल्ल्याचे, शेवटचा घराचा. त्यानंतर 'नो शटडाऊन' द्यावे, नाहीतर पत्ता असून दार बंद. डिफॉल्ट गेटवे म्हणजे मोहल्ल्याची वेस; तिथे राऊटरचा पत्ता लिहावा, बहुधा १९२.१६८.१.१. राऊटर आपोआप जे आकडे वाटतो त्यांतून स्विचचा आकडा वगळावा. तोच आकडा उद्या प्रिंटरला मिळाला तर दोघेही अडून बसतील.

पासवर्ड स्वतःचा ठेवावा. दुरून जोडणी एसएसएचनेच करावी. टेलनेटमध्ये पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जातो.

आता आमची चूक. लिहिलेले सर्व 'रनिंग' खात्यात असते, म्हणजे कच्च्या वहीत. ते 'स्टार्टअप' खात्यात उतरवले नाही तर वीज जाताच पुसले जाते. आमच्या कारागिराने उतरवले नव्हते, आम्हीही विचारले नाही. ऐन सीझनमध्ये वीज गेली. गोदामाचे पोर्ट वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे स्विचच्या आतल्या वेगळ्या खणात टाकले होते, ती मांडणी गेली आणि गोदामातून बिले निघेनात. दोन दिवस चलने हाताने लिहिली. माल लादलेले टेम्पो दारात उभे, आणि मुनीमजी कार्बन पेपर शोधत फिरत होते!

'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' हा एक हुकूम दिला असता तर हे टळले असते. आता आम्ही दुकान बंद करतेवेळी कारागिरासमोरच स्विचची वीज काढून पुन्हा लावतो. मग पत्त्यावर पिंग करून पाहतो, गोदामातून एक बिल काढतो आणि त्यानंतर मजुरी देतो. पत्ता, मास्क, गेटवे लिहिलेला कागद गल्ल्यात असतो, पासवर्ड वेगळ्या पाकिटात.