विद्यापीठाचा लॅपटॉप आणि आमच्या मुलांची माहिती

प्रवेशाचे दिवस आले की आमची मुले विद्यापीठाच्या खिडकीसमोर रांगा लावतात. हातात जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड आणि बँक पासबुकाची झेरॉक्स असते. शिष्यवृत्ती हवी तर हे सारे द्यावेच लागते. आता ही माहिती संगणकात जाते आणि तिथून यादी एखाद्या अधिकाऱ्याच्या लॅपटॉपवर उतरते. तो लॅपटॉप घरी जातो, एसटीत जातो, बैठकीला जातो. तो चोरीला गेला तर? हा प्रश्न आम्ही आता विचारलाच पाहिजे.

‘लॅपटॉपला पासवर्ड आहे ना’, असे कुणी म्हणेल. पण नुसता पासवर्ड म्हणजे दाराची कडी. चोराने हार्डडिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की फाइली उघड्या! यावर उपाय एन्क्रिप्शन. त्यात डिस्कवरचा सारा मजकूर सांकेतिक रूपात राहतो. किल्लीशिवाय तो वाचता येत नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट आणि लिनक्समध्ये लक्स ही सोय आहे. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. मग अडते कुठे?

अमेरिकेतली दोन उदाहरणे पाहा. मार्च २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागाच्या कार्यालयातून एक लॅपटॉप चोरीस गेला. त्यात सुमारे ९८ हजार आजी-माजी विद्यार्थी आणि अर्जदारांची माहिती होती, तीही एन्क्रिप्शनशिवाय. तिथे २००३ पासून लागू असलेल्या कायद्यामुळे विद्यापीठाला त्या लोकांना कळवावे तरी लागले.

दुसरे उदाहरण टेक्सास विद्यापीठाच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राचे. तिथे एन्क्रिप्शनचे धोरण २००६ पासून कागदावर होते. तरीही २०१२ मध्ये एका डॉक्टरच्या घरातून चोरीला गेलेला लॅपटॉप एन्क्रिप्ट केलेला नव्हता. पुढे दोन पेनड्राइव्हही हरवले. एकूण ३३ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती गेली. २०१८ मध्ये ४३ लाख डॉलरचा दंड कायम झाला. पण जानेवारी २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. नियमात एन्क्रिप्शनची ‘यंत्रणा’ असावी एवढेच म्हटले होते आणि यंत्रणा तर केंद्राकडे होती! प्रत्येक यंत्र सुरक्षित असलेच पाहिजे, असे नियम म्हणत नव्हता.

संविधान कितीही चांगले असले तरी राबवणारे कसे आहेत यावर त्याचे यश ठरते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते. लॅपटॉपच्या नियमालाही तेच लागू आहे.

आपल्याकडे २०१९ च्या विदा संरक्षण विधेयकात जात ही ‘संवेदनशील’ माहिती मानली होती. २०२३ च्या कायद्यात तो वर्गच उरला नाही. जात उघड झाली की वसतिगृहात टोमणे बसतात, भाड्याची खोली नाकारली जाते, हे ज्यांनी भोगले त्यांनाच कळते. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांत सुरक्षेचा एक उपाय म्हणून एन्क्रिप्शनचे नाव आहे आणि हलगर्जीपणाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र ही मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू होणार. तोवर आमच्या मुलांनी वाट पाहायची काय?

आमच्या मागण्या साध्या आहेत. एन्क्रिप्शन केल्याशिवाय विद्यापीठाने एकही लॅपटॉप कुणाच्या हाती देऊ नये. किल्लीची प्रत विद्यापीठाकडे राहावी आणि ती कोण वापरतो याची नोंद व्हावी. नाहीतर पासवर्ड विसरला की माहितीच बुडायची. दरवर्षी प्रत्येक यंत्राची तपासणी व्हावी. लॅपटॉप हरवला तर विद्यार्थ्यांना तात्काळ कळवावे.

एन्क्रिप्शनने सारे साधेल असे नाही. जो बाबू जातीसह यादी फलकावर चिकटवतो, त्याला कुठलीही किल्ली अडवू शकत नाही. पण चोराला ती नक्की अडवते. शिकण्यासाठी आमच्या मुलांना जात सांगावी लागते; ती राखण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. विद्यार्थी संघटनांनी हा प्रश्न अधिसभेत लावून धरावा.