लॉकिंग हब बसवताना शाफ्टची क्लिप विसरू नका

वसमत, कळमनुरी भागात पावसाळ्यात काळ्या मातीतून शेत गाठायला महिंद्राची जुनी सीजे किंवा एमएम ५४० जीप अजून कामी येते. अशा गाडीला बाजारातले लॉकिंग हब बसवण्याचे काम आपल्या मिस्त्री बंधूंकडे येते. फायदा खरा आहे. डांबरी रस्त्यावर हब ‘फ्री’ ठेवले की पुढचे शाफ्ट विनाकारण फिरत नाहीत व झीज वाचते.

चूक होते ती शाफ्ट धरून ठेवण्यात. मूळ बनावटीत शाफ्टचे बाहेरचे टोक ड्राइव्ह फ्लँजला क्लिपने, फार जुन्या जीपमध्ये नट व कॉटर पिनने, अडवलेले असते. फ्लँज काढला की तो आधार जातो. नव्या हबची क्लिप खाचेत पक्की बसली नाही, तर शाफ्ट आत सरकतो. मग दाते अर्धेच धरतात आणि नेमके चिखलात जोर येताच झिजतात किंवा तुटतात.

म्हणून हब घेण्यापूर्वी शाफ्टचे दाते मोजा. टोकाला खाच आहे की आटे, ते पाहून जुळणाराच हब घ्या. ताणलेली जुनी क्लिप पुन्हा लावू नका. बसवल्यावर शाफ्टला किंचित प्ले राहिला पाहिजे. तो जाम नको. चाक उचलून हब लॉक व फ्री करून फिरवून पाहा. छोट्या क्लिपपायी गाडी शेतात अडकली, तर गिऱ्हाईक परत येत नाही.