रंगाचे शेवाळ : वाण पारखूनच भांडवल घाला

कापडाच्या व्यापारात रंग नुसत्या डोळ्यांनी पारखला की फसगत ठरलेली. शेवाळापासून नैसर्गिक रंग काढण्याच्या धंद्यातही तेच आहे. त्यात उतरू पाहणाऱ्या आपल्या तरुणांनी चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, वाणाची ओळख. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले, तेव्हा तो रंग शेवाळाचा नसून खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा निघाला. म्हणून वाण प्रयोगशाळेत तपासूनच घ्यावे.

दुसरी, उताऱ्याचा हिशेब. विकणारा फक्त टक्केवारी सांगतो. समजा, एका वाणात १८ टक्के रंग आहे, पण ते चौरस मीटरला रोज ६ ग्रॅमच वाढते. रंग मिळाला १.०८ ग्रॅम. दुसऱ्यात १५ टक्केच आहे, पण वाढ १० ग्रॅम. रंग दीड ग्रॅम. मग कमी टक्क्यांचे वाणच फायद्याचे ठरते.

तिसरी, पाणी आणि हवा. डुनालिएला नावाचे शेवाळ कडक ऊन व दाट मिठाच्या पाण्यात नारिंगी होते. त्याच्या सुक्या वजनात बीटा-कॅरोटिन १० टक्क्यांपर्यंत जाते. पण ते मिठागराजवळचे काम आहे. निळा रंग देणारी स्पिरुलिना खाऱ्या सोड्याच्या पाण्यात वाढते. त्या पाण्यात इतर शेवाळ सहसा टिकत नाही, त्यामुळे भेसळ कमी होते. कोल्हापूरकडे हीच सोयीची. मात्र आपल्या पावसात उघड्या टाकीचे पाणी पातळ होईल, म्हणून छप्पर हवेच.

चौथी, रंगाचा पक्केपणा. स्पिरुलिनाचा निळा रंग ५० अंशांच्या वर तापला की उडू लागतो, उजेडातही फिका पडतो. तेव्हा इचलकरंजीच्या कापडासाठी तो कामाचा नाही. त्याचे गिऱ्हाईक खाद्यपदार्थांचे आहे. अमेरिकेत २०१३ साली मिठाईच्या गोळ्या व च्युइंगगमसाठी त्याला मंजुरी मिळाली. कोचिनील किड्यापासून काढलेला लाल रंग आपल्यापैकी अनेक जण खाण्यात टाळतात. शेवाळाच्या रंगात किड्याचा प्रश्न येत नाही.

बयाणा देण्याआधी विकणाऱ्याकडून या चारही गोष्टी लेखी घ्याव्यात. आधी एका लहान टाकीत उन्हाळा आणि पावसाळा काढून पाहावा. घराची पुंजी एकदम ओतू नये. हलाल कमाईत घाई नको, पारख हवी.