साइटवर चोरी झाली आणि नोंदीत नाव माझंच निघालं!



आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण वेबसाइटवरून माल विकणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. आधी माझ्यासोबत काय झालं ते सांगतो.

सिंदी मेघेतल्या आपल्या दुकानातून वायगावची हळद आणि घरगुती मसाले मी वेबसाइटवरूनही विकतो. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, पुण्याहून एका ताईंचा फोन आला. "दादा, पैसे पाठवून तीन दिवस झाले, पार्सल निघालं का?" मी खातं बघितलं. पैसे आलेलेच नाहीत. साइट उघडली, तर पेमेंटच्या पानावर यूपीआय आयडी भलताच! चार ग्राहकांचे मिळून ५,८६० रुपये कुणा तिसऱ्याच्याच खात्यात गेले होते.

माझा पहिला संशय साइट बनवून देणाऱ्या मुलावर गेला. त्याला नको ते बोललोही. मग एका जाणकाराने साइटची नोंदवही उघडून दाखवली. बदल झाला होता मंगळवारी दुपारी, माझ्याच लॉगिनवरून, माझ्याच दुकानाच्या इंटरनेटवरून. म्हणजे कागदोपत्री चोर मीच!

मग झालं काय?

त्या दुपारी मी साइटमध्ये ॲडमिन म्हणून लॉगिन होतो. दुसऱ्या टॅबमध्ये ईमेल उघडा होता. "तुमचं पार्सल परत आलं आहे, इथे बघा" अशी एक लिंक आली होती, ती दाबली. क्षणभर आपल्याच साइटचं पान दिसलं. मला वाटलं, चुकून उघडलं असेल, म्हणून बंद केलं. पण तेवढ्यात काम झालं होतं. क्यूआर दाखवणाऱ्या एका छोट्या फुकट प्लगइनमध्ये सेटिंग नुसत्या लिंकनेही बदलत होती, आणि ती लिंक मीच दाबली होती.

या प्रकाराला क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी म्हणतात, थोडक्यात सीएसआरएफ. सोप्या भाषेत सांगायचं तर, तुमच्या नावाची बनावट चिठ्ठी.

दुकानदाराच्या भाषेत समजून घ्या

समजा तुमच्या दुकानातला पोरगा रोज वर्ध्याच्या ठोक व्यापाऱ्याकडे चिठ्ठी घेऊन जातो. व्यापारी त्याला चेहऱ्याने ओळखतो, माल देतो आणि उधारी तुमच्या खात्यावर लिहितो. एक दिवस वाटेत कोणीतरी पोराच्या हातातली चिठ्ठी बदलली. पोराला वाचण्याशी मतलब नाही. व्यापाऱ्याने चेहरा बघितला आणि माल देऊन टाकला. बुडालं कोण? तुम्ही.

इथे पोरगा म्हणजे तुमचा ब्राउझर. त्याची ओळख म्हणजे लॉगिन केल्यावर ब्राउझरमध्ये राहणारी कुकी. आणि चेहरा बघून माल देणारा व्यापारी म्हणजे तुमच्या साइटवरचं कच्चं प्लगइन.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. यात तुमचा पासवर्ड कोणी चोरत नाही. म्हणून पासवर्ड कितीही मोठा ठेवा, लॉगिनला ओटीपी लावा, ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह असू द्या, या चोरीला त्याने अडकाठी होत नाही. कारण आत गेलेला माणूस खरोखर तुम्हीच असता.

उपाय काय? प्रत्येक चिठ्ठीवर फक्त तुम्हाला आणि व्यापाऱ्याला माहीत असलेला, आजचाच एक कोड. वर्डप्रेसमध्ये या कोडला नॉन्स म्हणतात. तो जास्तीत जास्त २४ तास चालतो. बाहेरच्या माणसाला तो माहीत नसतो, त्यामुळे बनावट चिठ्ठी परत जाते. वर्डप्रेस ही सोय देतं, पण ती वापरायची की नाही हे प्लगइन लिहिणाऱ्याच्या हातात असतं. तिथेच गडबड होते.

हे फक्त छोट्या प्लगइनचं दुखणं नाही

जानेवारी २०२० मध्ये 'कोड स्निपेट्स' या प्लगइनमध्ये हाच दोष सापडला. तेव्हा ते दोन लाखांहून जास्त साइटवर होतं. त्यात जवळपास सगळीकडे नॉन्सची तपासणी होती, फक्त 'इम्पोर्ट'च्या दारावर राहून गेली होती. त्या एका दारातून ॲडमिनच्या हातून साइटवर कुठलाही कोड घुसवता येत होता, अगदी नवा ॲडमिनही तयार करता येत होता. दोष कळवल्यावर दोन दिवसांत २.१४.० ही दुरुस्त आवृत्ती आली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'रिअल-टाइम फाइंड अँड रिप्लेस' या एक लाखाहून जास्त साइटवरच्या प्लगइनमध्ये तीच गोष्ट. तिथे तर दुरुस्ती काही तासांत आली.

पण मित्रांनो, दुरुस्ती आली म्हणजे ती तुमच्या साइटवर आली असं नाही. तुम्ही अपडेट करेपर्यंत दार उघडंच. उलट दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे होतं हे चोरालाही कळतं. माझ्या त्या प्लगइनचं अपडेट सात महिने तसंच पडून होतं. "दिवाळीनंतर बघू" म्हणत होतो.

२०२० पासून क्रोम ब्राउझर दुसऱ्या साइटवरून गुपचूप पाठवलेले बरेच फॉर्म अडवतो. पण माझ्यासारखी लिंक स्वतः दाबली, तर कुकी सोबत जातेच. म्हणून ब्राउझरच्या भरवशावर राहू नका.

आजच करायची सहा कामं

१. सगळी प्लगइन अपडेट करा. आधी बॅकअप घ्या. जमेल तिथे ऑटो-अपडेट चालू ठेवा.

२. वापरात नसलेली प्लगइन नुसती बंद करू नका, डिलीट करा. वर्ष-दोन वर्षांत अपडेटच न आलेल्या प्लगइनला पर्याय शोधा.

३. ॲडमिनसाठी वेगळा ब्राउझर ठेवा. त्यात ईमेल नाही, फेसबुक नाही, काही नाही. काम झालं की लॉगआउट.

४. रोजच्या ऑर्डर बघायला ॲडमिनचं लॉगिन कशाला? वूकॉमर्समध्ये 'शॉप मॅनेजर'चं खातं बनवा. अधिकार कमी, तर नुकसानही कमी.

५. दर सोमवारी आपल्याच साइटवर ग्राहक बनून जा. यूपीआय आयडी, क्यूआर आणि व्हॉट्सॲप नंबर तपासा. गल्ला मोजतो, तसंच हे.

६. साइट बनवून घेताना विचारा, "सेटिंग सेव्ह होताना नॉन्स आणि युजरची परवानगी, दोन्ही तपासतो का?" समोरचा गोंधळला, तर दुसरा माणूस बघा.

आणि पैसे गेलेच, तर लाजू नका. लगेच १९३० वर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे हातातून निसटतात. मी चौथ्या दिवशी फोन केला, तोवर ते खातं रिकामं झालं होतं.

चारही ग्राहकांना मी माल पाठवला, पदरचे पैसे घालून. बीबीएला गुडविल शिकलो होतो, त्याची किंमत त्या दिवाळीत कळली. आणि हो, साइट बनवणाऱ्या त्या मुलाच्या घरी जाऊन माफी मागितली. आज माझी साइट तोच सांभाळतो.

अपडेट आणि 'शॉप मॅनेजर'चं खातं कसं करायचं, ते व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलं आहे. बघा, पण आधी पहिलं काम करून या.