गडद हिरवी भिंत खरंच तापते का?

घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या घरात जातो. अशा वेळी रंगाचं काम काढलं की कुणीतरी सांगतंच, "आत गडद हिरवा नको, खोली तापेल." हा गैरसमज आहे. घरात उष्णता शिरते ती मुख्यतः वरच्या स्लॅबमधून आणि उन्हाकडच्या भिंतींमधून. ज्या आतल्या भिंतीवर ऊन पडतच नाही, ती क्रीम असो की हिरवी, खोलीच्या तापमानात जाणवण्याइतका फरक पडत नाही. तापलेली भिंत खोलीत जी उष्णता सोडते, ती सोडण्यात दोन्ही रंग जवळपास सारखेच. पश्चिमेच्या खिडकीतून भिंतीवर थेट ऊन येत असेल, तर ते बाहेरच अडवावं. आणि थंडाव्यासाठी खर्च करायचाच, तर गच्चीला पांढरा चुना द्यावा. पांढऱ्याचं खरं काम तिथे आहे.

आत फिक्या रंगाचा फायदा उजेडाचा. ऑफ-व्हाइट भिंत पडलेल्या उजेडातला साधारण ७० ते ८० टक्के परत फेकते, गडद हिरवी जेमतेम १० टक्के. मात्र खिडकी नसलेल्या मधल्या खोलीत परत फेकायला उजेडच नसतो. तिथे क्रीमही मळकट दिसतो.

"हिरव्यावर डाग दिसत नाहीत" हा समज आपल्याकडे सर्वांत महाग पडतो. हाताचे, तेलाचे डाग लपतात, हे खरं. पण शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. बोअरच्या खाऱ्या पाण्यात कालवलेल्या प्लास्टरमधले क्षार ओलीबरोबर वर येतात, पाणी उडून जातं आणि भिंतीवर पांढरा भुगा उरतो. हाच लोणा. क्रीमवर तो पटकन नजरेत येत नाही. हिरव्यावर जमिनीलगत पांढरे चट्टे उमटतात, बोट फिरवलं की पीठ लागतं, पुढे रंगाचे पापुद्रे सुटतात. वरून आणखी एक हात मारून काहीही साधत नाही. आधी ओल थांबवा, भुगा कोरड्या ब्रशने झाडा (धुतला तर क्षार पुन्हा आत जिरतात), भिंत पुरती वाळू द्या, मगच प्रायमर. नवं बांधकाम असेल तर पाणी तपासून घ्याच: सळईच्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ हे भारतीय मानक लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराइड चालवून घेतं.

कोरड्या, भरपूर उजेडाच्या खोलीत खिडकीसमोरची एक भिंत हिरवी जरूर करावी. ती फार देखणी दिसते. पुढे क्रीमवर यायचं झालं, तर पांढऱ्या प्रायमरशिवाय खालचा हिरवा डोकावत राहतो, एवढं रंगाऱ्याशी आधी बोलून ठेवा.