अधिवृक्क ग्रंथीतील चरबीची गाठ : भीती नको, नेमके निदान हवे

सांगली - मूतखड्याच्या शंकेने सोनोग्राफी करावी आणि अहवालात 'अधिवृक्क ग्रंथीत गाठ' असे शब्द दिसावेत, की साऱ्या घराचा धीर सुटतो. गाठ म्हणजे कर्करोग, हे समीकरण मनात पक्के बसलेले असते. प्रत्यक्षात यातील काही गाठी चरबीच्या व निरुपद्रवी असतात. वैद्यकशास्त्र त्यांना 'मायलोलिपोमा' म्हणते.

अधिवृक्क, अर्थात अॅड्रिनल ग्रंथी दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या असतात. रक्तदाब, शरीरातील क्षार आणि ताणाशी निगडित संप्रेरके त्या निर्माण करतात. मायलोलिपोमात चरबीबरोबरच अस्थिमज्जेप्रमाणे रक्त घडविणाऱ्या पेशीही आढळतात. एडगर फॉन गिर्के यांनी १९०५ मध्ये अशा गाठीचे वर्णन केले, तर चार्ल्स ओबरलिंग यांनी १९२९ मध्ये तिचे नामकरण केले.

सोनोग्राफीत ही गाठ पांढरट दिसते. मात्र खात्री पटते ती सीटी स्कॅनने. स्कॅनच्या मोजपट्टीवर पाण्याची घनता शून्य, तर चरबीची उणे असते. गाठीत उणे ३० एककांच्याही खालची चरबी स्पष्ट दिसल्यास निदान बहुधा निश्चित होते. मग सुई टोचून तुकडा तपासण्याची सहसा गरज उरत नाही. चित्र संदिग्ध असल्यास तर सुईची घाई धोक्याची ठरते. गाठ 'फिओक्रोमोसायटोमा' निघाली, तर रक्तदाब अचानक भडकू शकतो. म्हणून आधी रक्त व लघवीतील संप्रेरके तपासली जातात. दोन्ही बाजूंना किंवा फार मोठ्या गाठी असल्यास ग्रंथीचा जन्मजात विकार नाही ना, हेही पाहिले जाते.

लहान व त्रास न देणारी गाठ काढावी लागत नाही. ती मोठी असेल, वाढत असेल, दुखत असेल किंवा तीत रक्तस्राव झाला, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. अनेकदा ती दुर्बिणीद्वारे करता येते. पाठीत वा कुशीत एकाएकी तीव्र कळ येऊन चक्कर आल्यास मात्र तातडीने रुग्णालय गाठावे.

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारल्यापासून या परिसरात वैद्यकीय सेवेची परंपरा आहे. आज मिरज व कऱ्हाड येथे वैद्यकीय महाविद्यालये असल्याने सातारा, सांगलीच्या रुग्णाला प्रत्येक तपासणीसाठी पुणे-मुंबई गाठण्याचे कारण नाही. जुने अहवाल व स्कॅनच्या फिल्म मात्र जपून ठेवाव्यात. गाठ वाढली की तशीच राहिली, याचे उत्तर त्यांतच दडलेले असते.