शिलाई मशीन बदलताना जुन्या सामानाचे काय?

कारखान्यातील शिलाई मशीन दहा-पंधरा वर्षे चालले की हूक झिजतो, टाके सुटू लागतात आणि दुरुस्तीचा खर्च वाढत जातो. मग आपले बांधव नवे मशीन घ्यायला निघतात. दुकानदार हेडची किंमत सांगतो. परंतु आपल्याकडे टेबल-स्टँड, मोटर, तऱ्हेतऱ्हेचे फूट, फोल्डर, बॉबिन आणि सुयांची पाकिटे अगोदरच जमा असतात. यापैकी काय चालेल हे पाहिले नाही, तर स्वस्त मशीनही महाग पडते.

मी कापडाचा व्यापारी, कुर्ते-बुरखे शिवून घेतो. काही वर्षांपूर्वी रमजानच्या तोंडावर आम्ही चार हेड बदलली. "जुने सर्व सामान चालेल," असे दुकानदार म्हणाला आणि मी त्याच्या शब्दावर पैसे मोजले. हेड जाड कापडासाठीची निघाली. त्यांना डीपी×५ सुई लागते, आमचा साठा होता डीबी×१ चा. कारागिराने तीच बसवली. सुई हलू लागली, टाका उडू लागला, दोन हूक खराब झाले. सीझनचे आठ दिवस गेले. कारागिरांची मजुरी नगावर असते, त्यांच्या घरची ईदही अडली. याची खंत मला आजही आहे.

म्हणून सुईपासून सुरुवात करावी. डीबी×१ चा दांडा सुमारे १.६ मिलिमीटर जाडीचा असतो, डीपी×५ चा २ मिलिमीटरचा. १४ किंवा १६ नंबर दोन्हींत मिळतो, त्यामुळे पाकिटावरचा नुसता नंबर पाहून फसगत होते. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, ती कारखान्याच्या मशीनला घालूच नये.

टेबल सहसा वाया जात नाही. बहुतेक एकसुई मशीनच्या बेडचे माप ४७६ बाय १७८ मिलिमीटर असते. तरी टेप घेऊन आपल्या टेबलाचा कटाव मोजावा. जुने हेड हाताने तेल देण्याचे असेल तर नव्याच्या तेलाच्या ट्रेसाठी फळी कापावी लागेल. ते सुताराचे काम आहे, त्यासाठी नवे टेबल घेऊ नये.

मोटरचा हिशेब वेगळा. पट्ट्यावर चालणारे हेड घेतल्यास जुनी क्लच मोटर चालते, फक्त पुली आणि पट्ट्याची लांबी जुळवावी लागते. पण क्लच मोटर कारागीर कापड जुळवत बसला तरी फिरतच राहते, आणि मीटरही. सर्वो मोटर पायडल दाबल्यावरच फिरते. हेड चांगले असेल तर नुसती मोटर बदलूनही विजेची बचत होते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटर हेडलाच जोडलेली असते. तिथे जुनी मोटर, पुली, पट्टा सर्व निकामी. दुकानदाराकडून त्याची किंमत वजा करून घ्यावी.

धागा कापणारे मशीन घेत असाल तर जुन्या बॉबिन केसवर भरवसा ठेवू नका. त्याच्या केसमध्ये बॉबिनला जादा फिरू न देणारी स्प्रिंग असते आणि हलकी अॅल्युमिनियमची बॉबिन बरी पडते. फूट बहुधा बसतात, पण दाते आणि प्लेट कापडाप्रमाणे असावे लागतात. जाड कापडाच्या दात्यांवर जॉर्जेट चालवले तर कापड ओढले जाते, चुण्या पडतात. फोल्डरबाबत मी कोणाचेच ऐकत नाही, स्क्रूची भोके जुळतात का ते स्वतः पाहतो.

दुकानात जाताना एक पिशवी बरोबर न्यावी. तिच्यात रोजचे फूट, फोल्डर, बॉबिन, सुया आणि आपल्या मालाचे हातभर कापड ठेवावे. त्याच हेडवर शिवून पाहावे. हप्त्यावर घेत असाल तर एकूण किंमत आधीच ठरवून लिहून घ्यावी. चालेल म्हटलेले सामानही बिलावर लिहून घ्यावे. जुने हेड विकताना त्याचा ऐब घेणाऱ्याला सांगावा, आपल्या दीनचा तो हुकूम आहे. आणि बदल रमजानच्या दोन महिने आधी करावा. पहिल्यांदा एकच हेड आणावे, पंधरा दिवस चालवावे, बाकीची नंतर.